बांगड्यांचा हात

मंडळाच्या भगिनींनी स्मरणिकेत काही लिहाच, असा आग्रह धरला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, म्हणून जे डोळ्यांसमोर आहे त्याविषयीच लिहिते.

माझे सासर गिरणाकाठचे. गावाच्या शिवेवर लिंबाखाली दोन कोरीव दगड आहेत. नवी सून म्हणून गेले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "सतीमाय शे ती, पाय पड." दगडावर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला एक हात आणि वर चंद्रसूर्य. सासूबाई स्वतः नुसते पाणी घालीत. शेंदूर-कुंकू मला वाहायला लावीत. त्या ऐन पंचविशीत विधवा झालेल्या. त्यांच्या बांगड्या तेव्हाच फुटल्या.

शेजारचा दगड वीरगळ. कानडीत दगडाला 'कल्लु' म्हणतात, त्यावरून हा शब्द आला. वीरगळ खालून वर वाचायचा. तळाशी लढाई, तिथे गाई असल्या तर गोधन राखताना वीर पडला असे समजावे. मधे अप्सरा त्याला वर नेतात, आणि वरच्या कप्प्यात तो शिवलिंगाची पूजा करतो. चंद्रसूर्य आहेत तोवर कीर्ती राहो, हा त्या चिन्हांचा अर्थ. बोरिवलीजवळ एकसरच्या वीरगळांवर तर जहाजांची लढाई कोरलेली आहे! नाव मात्र बहुतेक दगडांवर नसते. चिन्हावरूनच माणूस ओळखायचा.

विलायतेतही अशी रीत होती. घराण्याची चिन्हे रंगवलेली चौकोनी फळी कोनावर उभी करून मृताच्या दारावर टांगीत, पुढे ती चर्चमध्ये लावीत. नवरा गेला असेल तर त्याच्या चिन्हामागे काळा रंग आणि मागे राहिलेल्या बायकोच्या बाजूस पांढरा. म्हणजे ती जिवंत आहे, हे फळीवर तरी दिसे. आमच्याकडे दगडावर बांगड्या राहिल्या त्या जळून गेलेलीच्या.

बेंटिंकने १८२९ साली बंगालमध्ये सती बंद केली. १९८७ च्या कायद्याने सतीचा गौरव करणेही गुन्हा ठरले. हे मी घरी वाचून दाखविले. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "ती जळी गयी, तिले कुंकू. मी जगनू, माले काय?"

मला उत्तर सुचले नाही.

यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघींनी ते दगड नुसत्या पाण्याने घासून धुतले. करंडा मी घरीच ठेवला होता. शेंदराची पुटे निघाल्यावर बांगड्या स्पष्ट दिसू लागल्या. सासूबाईंनी बोट लावून मोजल्या. पाच भरल्या.