अजिंठ्याचा अंधार आणि फोकसचा वाद : मॅन्युअल की ऑटोफोकस? #थ्रेड

१/ फिल्मचे कॅमेरे पुन्हा तरुणांच्या हाती दिसू लागले आहेत आणि त्यांच्यासोबत एक जुना वादही परतला आहे. फोकस हाताने साधावा की यंत्रावर सोपवावा? हा वाद पारखून पाहण्यास छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील लेण्यांसारखी दुसरी जागा नाही.

२/ आधी छायाचित्राची निकड पाहू. १८४४ मध्ये मद्रास लष्करातील रॉबर्ट गिल यांची अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमणूक झाली. त्यांनी वर्षानुवर्षे खपून रंगविलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत भस्मसात झाल्या.

३/ पुढे १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी नव्याने प्रतिकृती केल्या. त्यांतल्याही अनेक १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. मूळ चित्रे भिंतीवर झिजत होती. अशा वेळी ज्याच्या कितीही प्रती निघू शकतात, ते छायाचित्र मोलाचे ठरणारच.

४/ गिल यांनी १८५६ च्या सुमारास कॅमेराही हाती घेतला होता. त्यांची ७४ छायाचित्रे आणि जेम्स फर्ग्युसन यांचे विवेचन असलेला ‘द रॉक-कट टेम्पल्स ऑफ इंडिया’ हा ग्रंथ १८६४ मध्ये निघाला. त्या काळी फिल्म नव्हती. दुधी काचेवर उलटी उमटलेली प्रतिमा डोळ्याने पारखून फोकस साधावा लागे.

५/ काचेची जागा फिल्मने घेतली, कॅमेरे लहान झाले. फोकसचा निर्णय मात्र दीर्घकाळ माणसाकडेच राहिला. १९७७ मध्ये कोनिका सी३५ एएफ हा मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला पहिला ऑटोफोकस कॅमेरा आला. १९८५ च्या मिनोल्टा ७००० ने हे तंत्र एसएलआरमध्ये रुजविले.

६/ ऑटोफोकसचे ऋण नाकारणे अन्यायाचे होईल. राजाबाजारातील संस्थान गणपतीच्या विसर्जन मिरवणुकीत लेन्सचे कडे फिरवेपर्यंत क्षण निसटून जातो. कुठलेही शिक्षण न घेतलेल्या किंवा दृष्टी क्षीण झालेल्या माणसाच्या हातूनही स्पष्ट छायाचित्र निघू लागले, हे या यंत्राचेच श्रेय.

७/ मग लेण्यात काय बिघडते? एसएलआरचा ऑटोफोकस उजेड-सावलीतील भेद शोधतो. अजिंठ्याच्या चित्रलेण्यांत उजेड मंद असतो आणि फ्लॅशला मनाई आहे. तेथे सुरुवातीच्या काळातील ऑटोफोकसची लेन्स पुढे-मागे घुटमळत राहते. मिनोल्टा ७००० चा फोकसबिंदूही एकच, चौकटीच्या मध्यभागी. तेथे खांब आला, तर यंत्र खांबच टिपणार.

८/ अंधारात डोळाही चुकतो, हे खरे. पण जुन्या लेन्सवर अंतराचे आकडे कोरलेले असतात आणि भिंत काही हलत नाही. अंतर मोजा, कडे त्या आकड्यावर आणा, ट्रायपॉडवर शटर हवे तितके सेकंद उघडे ठेवा. निकॉन एफएम२ किंवा पेंटॅक्स के१००० चे शटर यांत्रिक आहे. बॅटरी नसतानाही ते चालते.

९/ अशा धीराचे फळ आपल्यासमोर आहे. १९९१ मध्ये बिनॉय बहल यांनी अत्यल्प उजेडात अजिंठ्याची भित्तिचित्रे टिपली आणि १९९८ मध्ये ती ग्रंथरूपाने आली. फ्लॅशच्या झोताविना त्या रंगांची कोवळीक जगभरच्या वाचकांना दिसली.

१०/ वेरूळचे कैलास लेणे आकाशाखाली उघडे आहे. तेथे दोन्ही कॅमेरे सारखेच उपयोगी. मिरवणुकीसाठी मी ऑटोफोकस घेईन, अजिंठ्यासाठी मॅन्युअल. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र प्रत्येक जुन्या छायाचित्राला एक प्रश्न अवश्य विचारावा : येथे काय स्पष्ट आहे, काय धूसर, आणि हा निर्णय माणसाचा की यंत्राचा? साधन म्हणून छायाचित्राचे मोल या उत्तरावर ठरते.

तुमच्या घरच्या अल्बममध्ये अजिंठा-वेरूळची जुनी छायाचित्रे असतील, तर ती याच नजरेने एकदा पाहा.