देवाचा डोंगर आणि पुराव्याचा प्रश्न

कुरखेड्याच्या शेजारीं कोरची तालुक्यांत झेंडेपारचा डोंगर आहे. भूगर्भशास्त्रज्ञाला त्याच्या पोटांत लोहखनिज दिसतें; आसपासच्या आदिवासींना तेथें रावपाट गंगाराम घाटाचें देवस्थान दिसतें. अशा ठिकाणीं खाणीची गोष्ट निघाली कीं सुशिक्षितांच्या बैठकींत एक प्रश्न हटकून येतो: डोंगरांत देव आहे याला पुरावा काय? प्रश्न बुद्धिवादाचा वाटतो. परंतु इतिहास चाळून पाहतां असें दिसतें कीं, रानावनांतील लोकांकडे पुरावा मागितला गेला तो बहुधा देवाच्या अस्तित्वाचा नव्हे, त्यांच्या हक्काचा.

१८६४ सालीं हिंदुस्थानच्या वनखात्याचे पहिले मुख्याधिकारी झालेले डीट्रिख ब्रँडिस हे शास्त्रीय वनविद्येचे पुरस्कर्ते. कुर्गांतील देवरकाडांचें, म्हणजे तिकडील देवरायांचें, महत्त्व त्यांनीं ओळखलें होतें. पण १८७८ च्या वनकायद्यानें राखीव जंगलांत हक्क नोंदवून सिद्ध करण्याचा भार गांवकऱ्यांवर टाकला. ज्यांचा सारा व्यवहार तोंडी, त्यांनीं कागद कोठून आणावा? पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट अशा रीतीनें सरकारी कृपेची सवलत होऊन बसली.

शास्त्राला येथें कांहींच सांगतां येत नाहीं असें मात्र नव्हे. १९७० नंतरच्या दशकांत पुण्याचे वा. द. वर्तक व माधव गाडगीळ यांनीं सह्याद्रींतील देवरायांचा अभ्यास केला आणि भोवतालच्या तोडलेल्या रानांतून गेलेल्या वनस्पती तेथें टिकून असल्याचें दाखविलें. यानें देव सिद्ध झाला नाहीं. देवाच्या धाकाचें फळ सिद्ध झालें. तो धाकही अभंग नव्हता. देवळाच्या जीर्णोद्धारासाठीं देवाचा कौल घेऊन रायांतील झाडें तोडल्याचीं उदाहरणें आहेत. तेव्हां श्रद्धा आहे म्हणून रान राहीलच, असें मानणें भाबडेपणाचें होईल.

तथापि पुराव्याची बाजू पुढें एका कायद्यानेंच पालटली. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियमांनीं ग्राह्य पुराव्यांत जुन्या विहिरी, दफनभूमि व पवित्र स्थानें यांना, तसेंच वृद्धांच्या लिहून घेतलेल्या जबानीला स्थान दिलें. ज्या देवस्थानाला आम्ही पुरावा मागत होतों, तेंच येथें पुरावा ठरलें: देव असल्याचा नव्हे, तर माणसें तेथें पूर्वापार नांदत असल्याचा. कुरखेड्याच्या दक्षिणेस धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या गांवाला २००९ सालीं सुमारें १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला तो याच कायद्यानें. ओडिशांतील नियमगिरीच्या खटल्यांतही १८ एप्रिल २०१३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें डोंगरिया कोंधांचा नियमराजा खरा कीं खोटा हें ठरविलें नाहीं. त्यांच्या धार्मिक हक्कांचा विचार ग्रामसभांनीं करावा, असें सांगितलें. बाराही ग्रामसभांनीं बॉक्साइटच्या खाणीस नकार दिला.

आमच्या जिल्ह्यांत मात्र निराळें घडलें. एटापल्ली तालुक्यांतील सुरजागडचा डोंगर माडिया लोकांच्या ठाकुरदेवाचा. त्यावरील सुमारें ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा २००७ सालीं देण्यांत आला. वनहक्क कायदा अंमलांत आला तो त्याच वर्षाच्या अखेरीस. २०१६ सालीं तेथें उत्खनन सुरू झालें. खाणीनें रोजगार येतो, आणि लोखंड तर आपणां सर्वांसच हवें असतें; हा पक्ष हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. पण खनिज किती आहे हें सांगणारें शास्त्र तें काढावें कीं नाहीं हें सांगत नाहीं. तो निर्णय माणसांचा, आणि त्यांत पहिला शब्द कोणाचा, हाच वादाचा खरा मुद्दा होय.

पंढरीच्या वाटेवर वारकऱ्याला विठ्ठलाचा पुरावा आपल्यापैकीं कोणी मागत नाहीं. त्याची श्रद्धा न मानणारा सुद्धां त्याची वाट अडवीत नाहीं. झेंडेपारच्या यात्रेकरूला आपण तेवढी सभ्यता दाखविली, तर त्यांत बुद्धिवादाची कांहींच हानि नाहीं.