दहा हजार पावलं: आकडा आधी, पुरावा नंतर

ज्येष्ठांची हालचाल आणि ती मोजणारी यंत्रं असा विषय घेऊन तुम्ही प्रपोजल लिहायला बसलात, की पहिल्याच पानावर ‘रोज दहा हजार पावलं’ येतात. त्यापुढे संदर्भ कोणाचा द्यायचा? एका पेपरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असं मागे जात राहिलात, तर शेवटी हाती लागते ती बाजारात विकायला आलेली एक वस्तू.

१९६४ मध्ये टोकियोत ऑलिंपिक झालं. पुढच्याच वर्षी यामासा या जपानी कंपनीनं कमरेला अडकवायचं, पावलं मोजणारं यंत्र आणलं. नाव ‘मानपो-केई’. मान म्हणजे दहा हजार, पो म्हणजे पाऊल, केई म्हणजे मापक. जपानी मोजणीत दहा हजाराला आपल्या लाखासारखा स्वतंत्र शब्द आहे, म्हणून त्यांच्या कानाला तो छान गोल वाटतो. चालणाऱ्यांच्या क्लबांनी घोषणा उचलली आणि पुढे ती जगभर गेली. साठीपुढच्या माणसानं नेमकं किती चालावं, हा प्रश्न तेव्हा कोणी तपासून ठेवला होता असं मात्र नाही.

हालचाल आणि आरोग्य यांचा पुरावाच नव्हता, असं याचं उलट टोकही गाठू नका. १९५३ मध्ये जेरी मॉरिस आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये लंडनच्या बस कामगारांचा अभ्यास छापला. ड्रायव्हर दिवसभर बसून, तर कंडक्टर डबलडेकरच्या जिन्यावर सतत वरखाली. हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी निघाला. इथे यंत्र नाही, पावलांची मोजणी नाही. माणसाचा हुद्दा हेच मोजमाप! मला मॉरिस जास्त आवडतात ते त्यापुढच्या कामामुळे. १९५६ मध्ये त्यांच्या गटानं कामगारांच्या गणवेशांची मापं काढली, तर ड्रायव्हरांच्या कमरेचा घेर मुळातच मोठा. म्हणजे फरक नोकरीमुळे पडला, की वेगळ्या अंगकाठीची माणसंच वेगळ्या नोकरीत गेली? स्वतःच्या गाजलेल्या निष्कर्षावर असा प्रश्न विचारायला हिंमत लागते.

नेमका हाच पेच पावलांच्या संशोधनात परत येतो. २०१९ मध्ये आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या १६,७४१ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सरासरी वय ७२. सात दिवस कमरेला अ‍ॅक्सेलरोमीटर, नंतर सरासरी सव्वाचार वर्षं पाठपुरावा. रोज सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांचा मृत्युदर ४१ टक्के कमी दिसला, आणि साधारण ७,५०० नंतर आलेख सपाट झाला. २०२२ मध्ये १५ अभ्यास एकत्र करून झालेल्या विश्लेषणातही साठीपुढच्यांसाठी हा सपाटपणा ६,००० ते ८,००० च्या दरम्यान आला. दहा हजारांचं लक्ष्य गाठता येत नाही म्हणून ज्या आजींनी चालणंच सोडलं असेल, त्यांच्यासाठी हा फरक लहान नाही.

पण थांबा. कमी चालणारी आजारी पडते, की आजारी असलेली कमी चालते? ली यांच्या गटानं पहिल्या वर्षातले मृत्यू वगळून, आधीपासून आजारी असलेल्यांना वगळून पुन्हा हिशेब केला, आणि संबंध टिकला. तरी हे निरीक्षणच. शिवाय त्या बहुतेक गोऱ्या, आरोग्यसेवेतल्या स्त्रिया होत्या. हे आकडे आपल्याकडच्या शेतमजूर बाईला जसेच्या तसे लावू नका.

दुसरी अडचण यंत्राची. आतला स्प्रिंगचा काटा पावलाच्या हिसक्यानं हलतो, अशी जुनी पेडोमीटरं संथ, घसटत चालणाऱ्यांची बरीच पावलं गाळायची. मनगटी यंत्र हात हलण्यावर विसंबतं, आणि वॉकर धरलेला हात फारसा हलतच नाही. म्हणजे ज्या माणसासाठी अभ्यास करायचा, तोच मोजणीतून निसटतो. प्रपोजलमध्ये यंत्राचं नाव लिहाल तेव्हा त्याची अचूकता कोणत्या वयाच्या आणि किती वेगानं चालणाऱ्या माणसांवर तपासली होती, तेही शेजारीच लिहा. गाईडनं विचारायच्या आधी!

कार्यकारणाचं उत्तर हवं असेल, तर २०१४ चा ‘लाइफ’ प्रयोग वाचा. अमेरिकेतली ७० ते ८९ वयाची, बहुतांश बसून असणारी १,६३५ माणसं. चिठ्ठ्या टाकाव्या तशी दोन गटांत वाटलेली. एकाला चालणं, ताकद, तोल यांचा नियमित व्यायाम, दुसऱ्याला आरोग्यविषयक व्याख्यानं. मुख्य निकष पावलांचा नव्हताच. सरासरी २.६ वर्षांत ४०० मीटर चालण्याची क्षमता किती जणांनी गमावली, हे पाहिलं: व्यायामाच्या गटात ३०.१ टक्के, व्याख्यानांच्या गटात ३५.५. हे मोजायला एक कॉरिडॉर आणि एक घड्याळ पुरतं.