आफ्रिकेचे इतिहासाचार्य डॉ. केनेथ डिके

एखाद्या समाजाला इतिहास नाहीं असें म्हणणें, आणि त्या समाजाचा इतिहास अद्याप कोणीं लिहिलेला नाहीं असें म्हणणें, हीं दोन विधानें कानाला सारखीं वाटलीं तरी त्यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. आफ्रिका खंडाविषयीं युरोपांतील विद्वानांनीं या दोन विधानांची गल्लत दीर्घ काळ केली. जर्मन तत्त्वज्ञ हेगेल यानें आपल्या व्याख्यानांत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेला जगाच्या इतिहासाच्या वेशीबाहेरच ठेवलें. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षें लोटलीं, तरी १९६३ सालीं ऑक्सफर्डचे प्राध्यापक ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनीं तोच सूर लावला. आफ्रिकेंत अभ्यासण्यासारखा इतिहास काय तो तेथें गेलेल्या युरोपियनांचा, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. हीं व्याख्यानें दूरचित्रवाणीवरून लोकांनीं ऐकलीं आणि ‘लिसनर’ साप्ताहिकांत छापूनहि आलीं.

परंतु हे शब्द उच्चारले गेले, त्या वेळीं त्यांचें उत्तर प्रसिद्ध होऊन सात वर्षें झालीं होतीं. तें उत्तर देणारे विद्वान म्हणजे नायजेरियांतील इबादान येथील इतिहासाचे आचार्य डॉ. केनेथ ओन्वुका डिके.

डिके यांचा जन्म १७ डिसेंबर १९१७ रोजीं नायजेरियाच्या पूर्व भागांतील औका या गांवीं झाला. हा प्रदेश इग्बो लोकांचा. औका तेथील लोहारांच्या कसबाबद्दल प्रसिद्ध. देशावर त्या काळीं ब्रिटिशांचा अंमल होता आणि देशांत एकहि विद्यापीठ नव्हतें. म्हणून विद्येसाठीं त्यांना एका वसाहतींतून दुसऱ्या वसाहतींत जावें लागलें. गोल्ड कोस्ट, म्हणजे आजचा घाना, तेथील आचिमोटा. सिएरा लिओनमधील फूरा बे कॉलेज व त्याच्या द्वारें डरहॅम विद्यापीठाची पदवी. १९४७ सालीं स्कॉटलंडांतील अ‍ॅबर्डीन येथें एम. ए.; आणि अखेर १९५० सालीं लंडनच्या किंग्ज कॉलेजांतून डॉक्टरेट, असा हा प्रवास झाला. वसाहतींतील अभ्यासक्रमांत इतिहास म्हणजे मुख्यतः इंग्लंडचा, युरोपचा आणि साम्राज्यविस्ताराचा. त्यांत आफ्रिका येई ती युरोपियन जहाजांच्या मागोमाग.

प्रबंधासाठीं डिके यांनीं विषय निवडला तो मात्र घरचा : १८३० ते १८८५ या काळांतील नायजर नदीच्या मुखप्रदेशाचा व्यापार आणि तेथील राजकारण. हाच प्रबंध १९५६ सालीं ऑक्सफर्ड येथून ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला. नायजर समुद्राला मिळते तेथें खाड्या, दलदली आणि खारफुटीचीं रानें यांचें मोठें जाळें पसरलेलें आहे. त्यांत बॉनी, ब्रास, कलाबारी अशीं लहान लहान व्यापारी राज्यें नांदत होतीं. एके काळीं येथून हजारों गुलाम अमेरिकेकडे रवाना होत. ब्रिटननें १८०७ सालीं गुलामांचा व्यापार बेकायदा ठरविला, आणि पुढें हळूहळू त्याची जागा पामतेलानें घेतली. इंग्लंडांतील कारखान्यांना साबण, मेणबत्त्या आणि यंत्रांचें वंगण यांसाठीं हें तेल हवें होतें.

ही हकीकत पूर्वीं सांगितली जाई ती गोऱ्या व्यापाऱ्यांच्या व कॉन्सलांच्या पराक्रमाची म्हणून. डिके यांनीं दाखवून दिलें कीं, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे व्यापारी बहुधा नदीच्या मुखाशींच अडून राहिलेले होते. अंतर्भागांतील बाजारपेठा आफ्रिकी व्यापाऱ्यांच्या हातीं होत्या. राजाचा जकातवजा कर भरल्यावांचून गोऱ्या व्यापाऱ्याला व्यवहार सुरू करतां येत नसे, आणि मालहि उधारीवर द्यावा लागे. तेथील प्रत्येक ‘घराणें’ म्हणजे कुटुंब, व्यापारी पेढी आणि लढाऊ होड्यांचें पथक, असें तिन्ही मिळून एक असे. त्यांत कर्तबगार गुलामहि घराण्याचा मुख्य होऊं शके. बॉनीचा जाजा हा असाच गुलामगिरींतून वर आलेला पुरुष. १८६९ सालीं तो बॉनी सोडून निघाला, ओपोबो येथें त्यानें नवें राज्य वसविलें आणि तेलाच्या व्यापारावर आपला वचक बसविला. त्याला हटविण्यासाठीं १८८७ सालीं ब्रिटिश कॉन्सलाला बोलणीं करण्याच्या निमित्तानें बोलावून कैद करावें लागलें. आगबोट, हिवतापावरील क्विनाइन आणि कॉन्सलाच्या पाठीशीं उभीं असलेलीं लढाऊ जहाजें यांनीं सत्तेचा तोल कसा फिरला, हेंहि डिके यांनीं क्रमाक्रमानें मांडलें.

यांत ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, या ग्रंथाचा मोठा आधार ब्रिटिश सरकारच्या दप्तरांतील कागदांचाच होता. कागद तेच, त्यांना विचारलेला प्रश्न निराळा. कॉन्सलाच्या तक्रारींत ज्या राजाचा ‘हट्ट’ दिसतो, तो आपल्या बाजारपेठेचें रक्षण करणारा मुत्सद्दी होता, हें ओळखण्यास त्या बाजूनें पाहणारी नजर लागते. त्याबरोबरच, लिखित कागद नाहीं तेथें वंशपरंपरेनें सांगितल्या जाणाऱ्या हकीकती, पारखून घेतल्यास, पुरावा म्हणून स्वीकारल्या पाहिजेत, असाहि त्यांचा आग्रह होता.

एक ग्रंथ लिहून इतिहास उभा राहत नाहीं, हें डिके जाणून होते. १९५० सालीं ते इबादानच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत अध्यापक झाले, आणि पुढच्याच वर्षीं देशांतील सरकारी व स्थानिक दप्तरांची पाहणी करण्याचें काम त्यांनीं हातीं घेतलें. जिल्ह्याजिल्ह्यांच्या कचेऱ्यांत जुने कागद दमट हवेंत व किडींच्या तोंडीं पडले होते. या पाहणींतूनच १९५४ सालीं नायजेरियाचें दप्तरखानें स्थापन झालें. तेंच पुढें राष्ट्रीय अभिलेखागार झालें. १९५५ सालीं नायजेरियाची इतिहास-परिषद निघाली व तिचें अध्यक्षपद त्यांच्याकडे आलें. १९५६ सालीं ते प्राध्यापकपदीं चढले. कॉलेजचे प्राचार्य, आणि १९६२ सालीं कॉलेजाचें पूर्ण विद्यापीठ झाल्यावर त्याचे पहिले कुलगुरु, असा त्यांचा चढता क्रम राहिला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत अक्रा येथें आफ्रिकाविद्येच्या पंडितांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिचें अध्यक्षस्थान त्यांनींच भूषविलें. त्यांच्या संपादकत्वाखालीं १९६५ पासून ‘इबादान इतिहासमाला’ निघूं लागली. अजायी, आयांडेले, आफिग्बो यांच्यासारख्या अभ्यासकांचे ग्रंथ त्या मालेंत आले. नायजेरियन विद्यापीठाची इतिहासांतील पहिली डॉक्टरेट आफिग्बो यांना इबादाननेंच दिली.

अशा भरभराटींत १९६६ साल उजाडलें. जानेवारींत लष्करी उठाव झाला, जुलैंत दुसरा झाला, आणि उत्तर भागांत इग्बो लोकांच्या भीषण कत्तली झाल्या. इबादान हें योरुबांचें शहर; डिके इग्बो. वर्षअखेर त्यांनीं कुलगुरुपद सोडलें आणि ते पूर्वेकडे परतले. ३० मे १९६७ रोजीं बियाफ्राचें स्वतंत्र राज्य घोषित झालें, तेव्हां त्या राज्याचे फिरते राजदूत म्हणून त्यांनीं देशोदेशीं बाजू मांडली. ज्या राष्ट्राचे जुने कागद त्यांनीं एका छपराखालीं आणले होते, त्याच राष्ट्रापासून फुटून निघालेल्या राज्यासाठीं त्यांना वकिली करावी लागली. १९७० च्या जानेवारींत बियाफ्राचा पाडाव झाला. त्यानंतर ते अमेरिकेंत हार्वर्ड विद्यापीठांत गेले, आणि १९७३ सालीं तेथें आफ्रिकेच्या इतिहासासाठीं निर्माण झालेल्या मेलन अध्यासनाचे पहिले प्राध्यापक झाले. परंतु परदेशांतील मानानें त्यांना तेथें बांधून ठेवलें नाहीं. ते मायदेशीं परतले, अनांब्रा राज्याच्या नव्या तंत्रविद्यापीठाची उभारणी त्यांनीं स्वीकारली, आणि २६ ऑक्टोबर १९८३ रोजीं एनुगु येथें त्यांचा अंत झाला.

इबादानच्या या संप्रदायावर पुढील पिढीनें टीका केली. राजे, राज्यें आणि व्यापारी यांचा इतिहास लिहिला गेला, परंतु शेतकरी, मजूर व स्त्रिया मागेंच राहिल्या, हा तिचा मुख्य आक्षेप. तो अगदीं निराधार नाहीं. पण हा आक्षेप घेणाऱ्यांनाहि आपले पुरावे शोधण्यासाठीं बहुधा डिके यांनीं उघडलेल्या दप्तरखान्याचाच दरवाजा ठोठवावा लागला. आरो व्यापाऱ्यांवरील त्यांचा ग्रंथ, सहलेखिका फेलिशिया एकेजिउबा यांच्यासह, त्यांच्या मृत्यूनंतर १९९० सालीं प्रसिद्ध झाला. आणि तो प्रसिद्ध झाला इबादान येथूनच. इबादान विद्यापीठाच्या ग्रंथालयाला आज केनेथ डिके यांचें नांव आहे. ज्या गांवाहून त्यांना वाईट दिवसांत निघावें लागलें, तेथें त्यांचें नांव ग्रंथांच्या दारावर राहिलें आहे.