पालवणकर बाळू : क्रीडांगणावरील कीर्ती आणि सार्वजनिक जीवनातील पेच

प्रस्तावना

खेळाडूच्या लोकप्रियतेचे राजकीय मूल्य हा विषय जागतिक पातळीवर नवा नाही. इजिप्तच्या मोहम्मद अबूत्रिका या फुटबॉलपटूने २००८ च्या आफ्रिका चषक स्पर्धेत गोल केल्यावर गाझाविषयी सहानुभूती व्यक्त करणारा सदरा दाखविला आणि तो केवळ खेळाडू उरला नाही. लायबेरियाचा जॉर्ज वेआ २०१८ मध्ये आपल्या देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला. महाराष्ट्रापुरता विचार केला तर या मालिकेतील पहिले मोठे नाव एका फिरकी गोलंदाजाचे आहे आणि ते शंभर वर्षांहून जुने आहे. ते म्हणजे पालवणकर बाळू. प्रस्तुत लेखात त्यांची क्रिकेटमधील कारकीर्द आणि त्यानंतरचे सार्वजनिक जीवन यांचा परस्परसंबंध तपासण्याचा प्रयत्न केला आहे. धावा आणि बळी यांची जंत्री देणे हा लेखाचा हेतू नाही.

बाळूंविषयी आज जे काही बोलले जाते त्याचा मोठा भाग दोन ग्रंथांवर आधारलेला आहे. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल पालवणकर यांचे ‘माझे क्रीडा-जीवन’ (१९४८) हा पहिला आणि रामचंद्र गुहा यांचा भारतीय क्रिकेटच्या सामाजिक इतिहासावरील इंग्रजी ग्रंथ (२००२) हा दुसरा. ‘लगान’ (२००१) या चित्रपटातील कचरा या पात्रामुळे अनेकांना बाळूंची आठवण झाली. परंतु चित्रपटातील कचरा एका भाषणाने संघात सामावला जातो. बाळूंना त्यासाठी सुमारे पंचवीस वर्षे लागली आणि तरीही काही शिल्लक राहिलेच.

पुण्यातील उमेदवारी

पालवणकर घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील पालवणचे, चर्मकार समाजातील. वडील लष्करात नोकरीस होते. बाळूंचा जन्म १८७६ मध्ये धारवाड येथे झाला आणि बालपण पुण्यात गेले. लष्करी वसाहतीत साहेबांनी टाकून दिलेल्या बॅट-चेंडूंशी अस्पृश्य कुटुंबांतील मुलांचा जो परिचय झाला, त्यातून ही कारकीर्द उभी राहिली. पुण्यातील पारशी क्रिकेट संघाच्या मैदानावर खेळपट्टी झाडणे व रोलर फिरविणे हे त्यांचे पहिले काम. वेतन दरमहा तीन रुपये. पुढे १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या क्लबात चार रुपयांवर रुजू झाले. तेथे जे. जी. ग्रेग या नामांकित फलंदाजाला सरावासाठी ते तासन्‌तास गोलंदाजी करीत. बाद केल्यास प्रत्येक वेळी आठ आणे मिळत, ही कथा बहुतेक सर्व लेखकांनी सांगितली आहे.

या कथेत एक गोष्ट सहसा नजरेआड होते. बाळूंच्या हाती चेंडू दिला गेला, बॅट मात्र कधी दिली गेली नाही. गोलंदाजी ही श्रमाची बाब, फलंदाजी ही प्रतिष्ठेची, अशी तत्कालीन समजूत होती आणि ती इंग्रजांइतकीच एतद्देशीय उच्चवर्णीयांनाही मान्य होती. श्रम विकत घेता येतो, त्यासाठी शेजारी बसवावे लागत नाही. बाळूंच्या संपूर्ण क्रीडाजीवनाची गुरुकिल्ली येथे आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

पुण्याच्या हिंदू संघाला युरोपियनांना हरवायचे होते आणि त्यासाठी लागणारा गोलंदाज युरोपियनांच्याच क्लबात चाकरी करीत होता. बऱ्याच वादानंतर बाळूंना संघात घेण्यात आले. मैदानावर सर्वजण एकाच चेंडूला स्पर्श करीत. चहापानाच्या वेळी मात्र बाळूंना मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा दिला जाई आणि भोजनाची व्यवस्था वेगळी असे. साताऱ्याच्या युरोपियन जिमखान्यावर त्यांच्या गोलंदाजीने पुण्याच्या संघाला विजय मिळवून दिला, तेव्हा न्यायमूर्ती रानडे यांनी त्यांचा जाहीर गौरव केल्याचे गुहा नोंदवितात. विजयाने स्पर्शाचा नियम एका पायरीने शिथिल होई, असे एकंदर दिसते.

मुंबई आणि इंग्लंड

१८९६ नंतरच्या प्लेगच्या साथीत पालवणकर कुटुंब मुंबईस आले. बाळू परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. त्यांचे बंधू शिवराम, विठ्ठल व गणपत हेही पुढे नामवंत झाले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला. हिंदूंच्या २४२ व १६० धावांना युरोपियनांनी १९१ व १०२ असे उत्तर दिले. या सामन्यात बाळू व शिवराम दोघेही होते. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या सुधारकी नियतकालिकाने या विजयाचा अर्थ जातिबंधनांच्या संदर्भात लावला. बंगालच्या फाळणीने देश पेटलेला असताना मिळालेल्या या विजयाकडे राष्ट्रीय अभिमानाने पाहिले जाणे स्वाभाविक होते. परंतु ‘रिफॉर्मर’ला त्यात दिसले ते वेगळेच. पुण्याने बाळूंना मंडपाबाहेर ठेवले, मुंबईने त्यांना आत घेतले, आणि मुंबई जिंकली.

१९११ मध्ये पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. प्रथम दर्जाच्या १४ सामन्यांपैकी केवळ दोन जिंकले, दहा गमावले. महाराज क्रिकेटपेक्षा दरबारी समारंभांतच अधिक रमले. बाळूंनी मात्र दौऱ्यात सर्व सामने मिळून ११४ बळी मिळविले. वयाच्या पस्तिशीतल्या, दुखऱ्या खांद्याच्या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाची ही कामगिरी थक्क करणारी आहे. प्रथम दर्जाच्या एकूण ३३ सामन्यांत त्यांचे १७९ बळी असून सरासरी १५.२१ इतकी आहे. दौऱ्याहून परतल्यावर मुंबईतील दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यावेळी विद्यार्थी होते. अस्पृश्य समाजातील पहिला सर्वमान्य नायक त्या पिढीने बाळूंच्या रूपाने पाहिला.

कर्णधारपदाचा प्रश्न

संघातील सर्वोत्तम व अनुभवी खेळाडू असूनही बाळू हिंदू संघाचे कर्णधार झाले नाहीत. १९१३ मध्ये कर्णधार झालेले एम. डी. पै यांनी हा मान बाळूंचा होता, असे जाहीरपणे सांगितले. ही उदारता व्यक्तीची होती, संस्थेची नव्हती. १९२० मध्ये पै आजारी असताना नेतृत्वासाठी प्रा. दि. ब. देवधर यांची निवड झाली आणि पालवणकर बंधूंनी निषेध म्हणून माघार घेतली. बाळूंना वगळणे व विठ्ठलांचा हक्क डावलणे ही दोन्ही कारणे त्यामागे होती. अखेर पै परतले, बाळूंना उपकर्णधार करण्यात आले आणि पै यांनी काही काळ मैदान सोडून नेतृत्व त्यांच्या हाती दिले. बाळूंच्या वाट्याला आलेले कर्णधारपद ते एवढेच. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले, संघ विजयी झाला आणि प्रेक्षकांनी त्यांना खांद्यावर घेतले.

मैदान हे जातिनिरपेक्ष स्थान असते, असे आपले विद्यार्थी सहज म्हणतात. शीळफाट्याच्या परिसरात, कल्याण-शीळ रस्त्यालगतच्या गावांतून टेनिस चेंडूच्या स्पर्धा भरतात, तेव्हा संघ गावाच्या नावाने उतरतात आणि जातीचा उच्चार होत नाही. परंतु संघात कोण आहे यापेक्षा संघ कोण निवडतो हा प्रश्न विचारल्यास १९२० ची घटना फारशी दूरची वाटत नाही.

राजकारण

बाळूंचा सार्वजनिक जीवनातील मार्ग अनेकांना अडचणीचा वाटतो. कारकिर्दीनंतर ते काँग्रेस व हिंदू सुधारणावादी वर्तुळाच्या जवळ गेले. मद्रासचे एम. सी. राजा यांच्याप्रमाणे त्यांनी संयुक्त मतदारसंघांचा पुरस्कार केला. सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर सह्या करणाऱ्यांत त्यांचेही नाव आहे. ऑक्टोबर १९३५ मध्ये येवल्यास डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली, तिलाही बाळूंचा विरोध होता. मुंबई महापालिकेची एक निवडणूक त्यांनी हिंदू महासभेच्या वतीने लढविली व गमावली. १९३७ मध्ये मुंबई विधानसभेसाठी काँग्रेसने त्यांना थेट आंबेडकरांच्या विरोधात उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते मिळाली.

या निवडणुकीकडे ‘काँग्रेसने बाळूंचा वापर केला’ एवढ्याच दृष्टीने पाहणे सोपे आहे, आणि त्यात तथ्यही आहे. आंबेडकरांना आव्हान देण्यासाठी त्यांच्याच समूहातील कीर्तिमान पुरुष पुढे करणे ही उघड रणनीती होती. मात्र त्यामुळे बाळूंची स्वतःची विचारदृष्टी नाकारली जाते. ज्या माणसाला मातीच्या भांड्यातून जिमखान्याच्या टेबलापर्यंत पोहोचताना दर टप्प्याला काही सवर्ण सहकारी सोबत भेटले, त्याचा हृदयपरिवर्तनावर विश्वास बसला तर ते अनाकलनीय नाही. आंबेडकरांचा अनुभव वेगळा होता. परदेशी पदव्या घेऊन बडोद्यास गेलेल्या या विद्वानाला राहायला जागा मिळाली नव्हती. महाडला तळ्याच्या पाण्यासाठी मार खावा लागला होता. खेळात बळी मोजता येतात, म्हणून गुणवत्ता लपविता येत नाही. कचेरीत आणि गावात ती सोय नसते. बाळूंनी मैदानावरील अपवादालाच नियम मानले, असे म्हणावे लागते. तरीही पराभूत उमेदवाराला ११ हजारांहून अधिक मते मिळाली, ती केवळ काँग्रेसची नसावीत. त्यांत चेंडूची काही मते असणारच.

त्यानंतर बाळू निवडणुकीच्या राजकारणापासून दूर राहिले. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. ज्या धर्मांतरास त्यांनी विरोध केला होता, ते पुढील वर्षी ऑक्टोबरमध्ये नागपुरात घडले.