‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ या संज्ञेचे अर्थ

ब्रिटनमधील कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला मराठी वृत्तपत्रांनी ‘हुजूर पक्ष’ हे नाव दिले. मजूर पक्षाशी त्याचे यमक जुळते, हा त्याचा गुण खरा; परंतु राजनिष्ठा व सरदारी यांपलीकडे त्यातून फारसे काही सूचित होत नाही. विचारप्रणालीसाठी रूढ झालेला ‘पुराणमतवाद’ हा शब्दही धर्माचारविषयक वादांची छाया बरोबर घेऊन येतो. मूळ संज्ञेचा इतिहास याहून गुंतागुंतीचा आहे.

फ्रान्समध्ये १८१८ साली शातोब्रियाँ यांनी ‘ल काँझर्व्हातर’ हे नियतकालिक सुरू केले. बूर्बाँ राजघराणे नुकतेच परतले होते, आणि जे राखावयाचे त्यातील बरेचसे क्रांतीने आधीच मोडून टाकले होते. साहजिकच तेथे रक्षणाचा अर्थ बव्हंशी पुनरुज्जीवन असा झाला.

इंग्लंडमध्ये टोरी पक्षाला हे नाव १८३० च्या सुमारास मिळू लागले. तेथील राजपद, पार्लमेंट व चर्च शाबूत होती. प्रश्न होता तो त्यांना धक्का न लावता कालानुरूप बदल कसा करावा, हा. १८३२ च्या सुधारणा कायद्याला रॉबर्ट पील यांनी विरोध केला होता. तथापि डिसेंबर १८३४ च्या टॅमवर्थ जाहीरनाम्यात त्यांनी तोच कायदा अंतिम निर्णय म्हणून स्वीकारला व सिद्ध झालेले दोष दूर करण्याची तयारी दर्शविली.

या भूमिकेची खरी कसोटी धान्य कायद्यांच्या वेळी लागली. परदेशी धान्यावर जकात बसवून जमीनदारांच्या मालाला भाव मिळवून देणारे हे कायदे टिकतील, या अपेक्षेनेच पक्षातील अनेक सभासद १८४१ साली निवडून आले होते. १८४५ मध्ये आयर्लंडात बटाट्याचे पीक रोगाने गेले आणि पील यांनी कायदे रद्द करण्याचे ठरविले. सवलत सोडली तरच सरदारवर्गाचे राजकीय स्थान टिकेल, असा त्यांचा हिशेब होता. उलट डिझरायली व बेंटिंक यांच्या दृष्टीने भूस्वामित्व हाच राज्यघटनेचा पाया होता. मे १८४६ मध्ये पक्षाच्या दोनशेहून अधिक सभासदांनी स्वतःच्या पंतप्रधानाविरुद्ध मत दिले. विधेयक तरले ते व्हिगांच्या पाठिंब्यावर. पुढच्याच महिन्यात पील यांचे मंत्रिमंडळ गेले.

पील यांना पक्षद्रोही म्हटले गेले. तो आरोप एकांगी होय. कारण दोन्ही बाजू रक्षणाचाच दावा करीत होत्या, मतभेद होता तो काय राखावयाचे याविषयी. शिवाय ज्या जकातीसाठी हा कलह झाला, तिचा आग्रह डिझरायली यांनीही १८५२ पर्यंत सोडून दिला, आणि १८६७ साली शहरांतील कामगार कुटुंबप्रमुखांना मताधिकार देणारा कायदा कॉमन्स सभेत त्यांनीच पुढे नेला.