शोकाआधीची गाणी
फू फायटर्सचा 1995 चा पहिला अल्बम निर्वाणा या ग्रंज बँडचा गायक कर्ट कोबेन याच्या मृत्यूचा शोक म्हणून ऐकला जातो, आणि तिथेच त्याच्यावर अन्याय होतो. निर्वाणाचा ड्रमर डेव्ह ग्रोल याने ऑक्टोबर 1994 मध्ये सिएटलजवळच्या स्टुडिओत जेमतेम आठवडाभरात तो ध्वनिमुद्रित केला. एका गाण्यातली ग्रेग डलीची गिटार सोडली तर सगळी वाद्ये त्याचीच. पण यातली बरीच गाणी निर्वाणाच्या काळातली. ‘अलोन प्लस ईझी टार्गेट’ तर कोबेन हयात असतानाच एकदा मुद्रित झाले होते. मृत्यूनंतर तीच गाणी गाताना दुःख उतरणारच, हा आक्षेप मला मान्य आहे. तरी चाली आधीच्या आहेत. फू फायटर्स ज्यात मोडतात त्या पोस्ट-ग्रंजला ग्रंजची निव्वळ नक्कल ठरवणाऱ्यांना याचे उत्तर द्यावे लागेल, कारण ग्रंज ऐन भरात असतानाच त्याच्या सर्वांत गाजलेल्या बँडमध्ये हा वेगळा गीतकार घडत होता.